बगळ्याची काच

१

मंगळवारी सकाळी मावशीने बागेतल्या डब्याचं कुलूप काढलं तेव्हा दारातला बगळा गेलेला होता.

डबा म्हणजे रेल्वेचा डबा. कधीकाळी मोठमोठी माणसं त्यातून फिरली म्हणे. आता तो शहराच्या मधल्या बागेत, तळ्याकाठी, रुळांच्या एवढ्याशा तुकड्यावर उभा असे आणि लोक तिकीट काढून त्याला बघायला येत. बघण्यासारखं खरं म्हणजे त्याचं दारच होतं. दाराच्या वरच्या अर्ध्यात जाड काच आणि काचेत कोरलेला उडता बगळा. ऊन आलं की बगळ्याची सावली आत फळ्यांवर पडायची आणि पोरंटोरं तिच्यावर पाय द्यायला धावायची. तिकिटावर बगळा, फाटकावर बगळा, अध्यक्षांच्या टायवरसुद्धा बगळा. आता चौकटीत नुसतं भोक होतं, त्यातून तळ्यावरचा वारा आत येत होता.

विमा कंपनीने तपासनीस बाईंना पाठवलं. जळालेली गोदामं आणि हरवलेले दागिने यांत बाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं. चोर सापडल्याचा आनंद कधीच आटून गेला होता. उरले होते सुजलेले पाय.

"सरळ आहे," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त इंजिनियर, डबा जतन समितीचे अध्यक्ष, आणि डब्यावर त्यांचा इतका जीव की त्यांची बायको त्याला सवत म्हणायची. "काच चौकटीत बसवलेली आतल्या बाजूने. चारी कडांना लाकडी पट्ट्या, त्याही आतून ठोकलेल्या. बाहेरून ती निघत नाही, फोडावी लागते. फोडली असती तर तुकडे सापडले असते. एकही नाही. म्हणजे चोर आत शिरला, शांतपणे काच काढली आणि जाताना कुलूप लावून गेला. चावी दोघांकडे. एक माझ्याकडे, एक सफाईच्या मावशीकडे."

"आणि तुम्ही घेतली नाही."

"तुम्ही थट्टा करताय."

"नाही हो. विचारायचाच पगार मिळतो."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "संध्याकाळी तुमचं आटोपलं की मी पोलिसांत जाणार. मावशीला सांगून ठेवलंय, खोली रिकामी करा. बागेमागची खोली सफाईच्या कामाबरोबर दिलेली आहे. काम गेलं, खोली गेली."

बाई चौकटीजवळ वाकल्या. "पट्ट्या कुठे आहेत?"

"नेल्या असतील चोराने."

"काच नेली ते समजलं. पट्ट्यांचं काय लोणचं घालणार तो?" बाईंनी चौकटीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोट जरासं चिकटलं. "पॉलिश ताजं दिसतंय."

"रविवारी संध्याकाळी मीच केलं. पाहुणे येणार आहेत बाहेरून."

"छान झालंय. अगदी खिळ्यांच्या भोकांतसुद्धा उतरलंय."

मघापासून न थांबता बोलणारा माणूस एकदम गप्प झाला, हे बाईंनी मनात ठेवलं.

२

मावशी डब्याच्या पायरीवर बसली होती. झाडू मांडीवर आडवा. अध्यक्षांनी कशालाही हात लावू नका असं बजावल्यामुळे आज डबा झाडलेला नव्हता, आणि काम न करता बसायचं कसं हे तिला कळत नसावं. सारखी झाडूचे हीर सारखे करत होती.

"काय झालं सांगा," बाई तिच्याशेजारी टेकत म्हणाल्या.

"कुलूप काढलं. काच नव्हती. हाक मारली. सगळे आले."

"काच तुम्ही घेतली?"

"काय करू घेऊन? घरात खिडकी एक, तिलाही काच आहे."

"काल, बंदच्या दिवशी, चावी कुठे होती?"

"माझ्याकडेच. दुसऱ्या कोणाच्या हातात जात नाही." हे तिने फार चटकन सांगितलं. मग हळू आवाजात, "लिहायचं तर लिहा मीच घेतली म्हणून. लवकर आटपा. मला भांडी बांधायचीत."

बाईंनी आजवर पुष्कळ चोर बघितले होते. ते शपथा घेत, रडत, पोराबाळांच्या डोक्यावर हात ठेवत. चोरी स्वतःच्या अंगावर ओढून घेऊन भांडी बांधायला निघालेली बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

पलीकडे गाईड उभी होती. निळा गणवेश, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, डोळ्यांखाली काळं. डब्याचा इतिहास ती झोपेतही सांगू शकेल असं अध्यक्ष कौतुकाने म्हणाले होते.

"सोमवारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. सुट्टीच्या दिवशी कामाला सुट्टी नसते, मॅडम. कपडे, पाणी, मुलांचं सगळं."

"मावशींबद्दल काय वाटतं?"

गाईडने पायरीकडे बघितलं. मावशीने तिच्याकडे बघितलं. नजरेने पानं खुडता आली असती तर शेजारचं झुडूप बोडकं झालं असतं.

"कडक आहेत," गाईड म्हणाली. "पण चोर नाहीत." आणि तिचे डोळे भरून आले.

३

तिसरा संशयित आपल्या पायांनी चालत आला. बागेच्या कोपऱ्यात चहाची टपरी चालवणारा कंत्राटदार. डब्यात हॉटेल काढायचं त्याचं स्वप्न होतं आणि अध्यक्ष मध्ये आडवे पडले होते.

"माझं नाव निघणारच," तो म्हणाला. "म्हणून म्हटलं आधीच येऊन जावं, गिऱ्हाइकांची वेळ व्हायच्या आत. सोमवारी दुपारी मी इथे होतो. खिडक्या मोजत होतो टेपने, बाहेरून. लपवत नाही."

"बगळा होता तेव्हा?"

"होता की. काचेला नाक लावून आत बघितलं मी. नाकाचा डाग पडला म्हणून बाहीने पुसलासुद्धा. आणि मला काच नकोच आहे, बाई. त्या जागी काउंटर येणार."

"आत कोणी दिसलं?"

"दिसलं नाही. बाकांच्या पाठी उंच आहेत." तो थांबला. "पण ऐकू आलं."

"काय?"

"घोरणं. असं घोरणं, की वाटलं डबा आता सुटतोय. मी म्हटलं जागृत असणार."

बागेच्या वॉचमनला सगळे जागृत म्हणत, कारण तो कायम झोपलेला असे. त्याला उठवून विचारलं तेव्हा तो दुखावला.

"मी झोपतो, नाही म्हणत नाही. पण उघड्यावर झोपतो. माझ्या झोपेत लपवाछपवी नसते. आणि डब्याची चावी मला देतंय कोण?"

म्हणजे सोमवारी दुपारी, कुलूपबंद समजल्या जाणाऱ्या डब्यात, बगळा जागेवर असताना, कोणीतरी गाढ झोपलं होतं. चोरी करायला येऊन झोपी जाणारा चोर बाईंच्या पाहण्यात नव्हता. स्वतः बाईंना मात्र त्या क्षणी ते फार समजण्यासारखं वाटलं.

जागृत घुटमळत होता. "एक सांगू का? मावशीचं वाईट व्हावं असं नाही मनात. पण सकाळी तिने हाक मारली ना, त्याच्या आधी ती आत काहीतरी करत होती. मी खिडकीतून बघितलं."

४

"बाकं पलटत होती," जागृत म्हणाला. "दारापासची. तेवढीच. मग हाक मारली."

बाईंनी बाकं नीट बघितली. बाकाची पाठ दोन बाजूंच्या लोखंडी दांड्यांवर फिरायची. ढकलली की बैठकीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जायची, आणि बसणाऱ्याचं तोंड उलट दिशेला. पूर्वी गाडी परत फिरली की उतारूंना पुढे बघत बसता यावं म्हणून ही सोय. आता बाकांना दोर लावलेला असे, लोकांनी हात लावायचा नाही. हात लावायची फक्त मावशी.

"पाठ आणि बैठक यांच्या फटीत धूळ बसते," जागृत सांगू लागला. "पाठ पलटली की ती खाली पडते. मावशी एकेक बाक पलटत, झाडत पुढे जाते. परत पलटायला येत नाही. कशाला दुप्पट काम? त्यामुळे आज सगळी बाकं तळ्याकडे तोंड करून, तर उद्या फाटकाकडे."

"रविवारी बाकांची तोंडं कुठे होती?"

"तळ्याकडे. संध्याकाळी मी दिवे बंद करायला आलो होतो ना."

"आणि आत्ता आहेत तळ्याकडेच."

"हो. आज झाडलंच नाही ना."

"पण सकाळी दारापासची बाकं तिने पलटली, तू बघितलंस. पलटून जर ती तळ्याकडे झाली, तर पलटायच्या आधी ती कुठे बघत होती?"

जागृतने विचार केला. त्याला वेळ लागला, बाईंनी लावू दिला.

"फाटकाकडे," तो म्हणाला. "अरे, म्हणजे सोमवारी कोणीतरी झाडलं. तेवढीच बाकं."

"दारापासचीच बाकं कोणी का झाडेल?"

याचं उत्तर बाहेर होतं. पायऱ्यांजवळ आगीसाठी लाल बादल्या टांगलेल्या होत्या, वाळूने भरलेल्या. त्या अगदी शिगोशिग भरल्या होत्या आणि खाली गवतावर वाळू सांडली होती. वाळू आपोआप वाढत नाही. बाईंनी छत्रीचं टोक एका बादलीत खुपसलं. आतून करकर आवाज आला. रुमाल गुंडाळून त्यांनी हात घातला आणि जाड काचेचा एक तुकडा वर काढला. त्याच्यावर पंखाचं टोक होतं.

बगळा कुठे गेलाच नव्हता. फुटला होता, आणि कोणीतरी त्याला नीट झाडून पुरला होता.

५

बागेमागच्या खोलीचं दार बाईंनी वाजवलं. दार उघडलं निळ्या गणवेशातल्या गाईडने.

"हळू बोला," गाईड कुजबुजली. "ते झोपलेत."

आत एकच खोली, मध्ये पडदा. पडद्याअलीकडे मावशी जमिनीवर बसून भांडी बांधत होती. प्रत्येक भांड्याला आधी फडकं गुंडाळायचं, मग दुसऱ्यात ठेवायचं, म्हणजे आवाज होत नाही. मुलगा कारखान्यात रात्रपाळीला, दिवसा झोपणार. त्यामुळे हे घर दिवसभर कुजबुजत असे. नळाखाली चिंधी, पलंगाच्या पायांना रबर. पोरांची भांडणंसुद्धा ओठांच्या हालचालींवर.

"ही तुमची सून," बाई कुजबुजल्या.

"कामावर नातं नको म्हणून सांगितलेलं आहे साहेबांनी," मावशी म्हणाली. "आणि हिचा काही संबंध नाही."

"मी अजून काही विचारलंच नाही." बाईंनी गाईडकडे वळून विचारलं, "गणवेशाच्या आधी काय काम करायचात?"

"झाडायची. आईंच्या हाताखाली. त्यांनीच शिकवलं."

मावशीने हातातलं भांडं जास्तच घट्ट गुंडाळलं. भिंतीवर खिळा होता, खिळ्याला किल्ली. दुसऱ्या कोणाच्या हातात न जाणारी चावी ती हीच, दाराशेजारी, येताजाता हात लागेल अशी.

"शेवटचं विचारते. या घरात घोरतं कोण?"

"माझा मुलगा," मावशी ताडकन म्हणाली, पहिल्यांदाच मोठ्याने.

पडद्याआडून झोपाळू आवाज आला, "मी कुठे घोरतो? ही घोरते."

६

बाईंनी सगळ्यांना डब्यात बोलावलं. दारापासचं एक बाक पलटून समोरासमोर केलं. एकावर अध्यक्ष, दुसऱ्यावर मावशी आणि गाईड. अध्यक्षांना आजवर या बाकावर कोणी बसलेलं चालत नसे. स्वतः बसल्यावर ते जरा अवघडून राहिले.

"चोरी झालेलीच नाही," बाई म्हणाल्या. "काच सोमवारी दुपारी फुटली. तुकडे बाहेर वाळूच्या बादल्यांत आहेत. ज्याने फोडली त्याने झाडून काढलं, आणि झाडताना बाकं पलटली. बाहेरच्या माणसाने झाडू नुसता बाकाखालून फिरवला असता. पाठ पलटून झाडायची सवय फक्त दोघींच्या हाताला. मावशींनी झाडलं असतं, तर सकाळी स्वतःच्याच खुणा बघून घाबरायचं त्यांना कारण नव्हतं, बाकं रोज पलटलेलीच असतात. त्यांनी बाकं बघितली आणि ओळखलं की इथे आपला नाही, आपल्यासारखा हात फिरलाय. म्हणून ती परत पलटली."

गाईड चकित होऊन सासूकडे बघत होती. "बाकं? मी बाकं पलटली?"

"तुला पत्ताच नाही?" मावशी म्हणाली.

"नाही, आई. काच पडली, झाडू घेतला. पुढचं हातांनीच केलं."

"आणि तुकडे वाळूत?" बाईंनी विचारलं.

"कचरापेटी मंगळवारी उघडतात, तिथे दिसले असते. फाटकातून पिशवी घेऊन जायला धीर झाला नाही."

"पण तू इथे कशाला आली होतीस?" अध्यक्षांनी विचारलं.

गाईड मान खाली घालून बोलली. "झोपायला. घरी ते झोपलेले असतात, तेव्हा बाकीच्यांनी झोपून कसं चालेल? रात्री मुलं. सोमवारी आईंना बाजारात वेळ लागतो. तेवढ्यात चावी घ्यायची, इथे येऊन आडवं व्हायचं. आत कोणी काही मागत नाही. काल झोप जरा जास्तच लागली. मुलं शाळेतून यायची वेळ झाली, धावत उठले, तर दार निघेना. ओल्या पॉलिशने चिकटलं होतं. दोन्ही हातांनी हिसका दिला आणि बगळा अंगावरच आला."

"नुसत्या हिसक्याने काच पडत नाही," अध्यक्ष म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"पट्ट्या असत्या तर पडली नसती," बाई म्हणाल्या. "पॉलिश खिळ्यांच्या भोकांत गेलंय. पट्टी ठोकलेली असताना ते जाणार कसं? रविवारी पॉलिश करताना पट्ट्या आधीच काढलेल्या होत्या. काच उभी होती कडेच्या जुन्या पुट्टीच्या भरवशावर. चोराने पट्ट्या नेल्या नाहीत, साहेब. मग कुठे आहेत?"

अध्यक्ष बराच वेळ टायवरच्या बगळ्याशी चाळा करत बसले.

"माझ्या गाडीत," ते म्हणाले. "सुकायला इथेच डब्यात, सामानाच्या फळीवर ठेवल्या होत्या. आज ठोकणार होतो. सकाळी चौकट रिकामी बघितली आणि वाटलं, आपण पट्ट्या काढून ठेवल्या म्हणूनच चोराला सोपं गेलं. सांगितलं असतं तर विमा नाकारला असता तुम्ही. लोक म्हणाले असते, स्वतःच घालवला. म्हणून उचलल्या."

"आणि मावशीला पोलिसांत देत होतात."

"मला खरंच वाटत होतं तिने..." वाक्य त्यांनी सोडून दिलं.

"आणि तुम्ही," बाई गाईडकडे वळल्या, "सासूला घराबाहेर काढत होते तरी गप्प बसलात."

"मी सकाळीच बोलणार होते. आईंनी नजरेने गप्प केलं. बोलले असते तर दोघींची कामं गेली असती."

"एकीचं राहिलं असतं तर चूल पेटती राहिली असती," मावशी म्हणाली. "हिचा पगार जास्त आहे. साधा हिशेब आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही."

बाईंनी रुमाल उलगडून काचेचा तुकडा अध्यक्षांसमोर धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, वाळू झटकली, फुंकर घातली. पंखाच्या रेघांवरून अंगठा फिरवत राहिले. पोलीस, विमा, खोली, सगळं विसरलेल्या माणसासारखे. मग त्यांनी तो शेजारी बाकावर ठेवला, नीट, कड आत करून, कोणाला लागू नये असा.

"मी अपघात लिहिणार," बाई म्हणाल्या. "पट्ट्यांसकट. पुढचं कंपनी बघेल, पण फार आशा ठेवू नका."

अध्यक्षांनी मान हलवली. मग त्यांनी गाईडला विचारलं, "उद्या लोक विचारतील बगळा कुठे गेला. काय सांगणार?"

"फुटला म्हणून सांगेन."

"कोणी फोडला म्हणतील."

गाईडने जरा विचार केला. "दोघांनी मिळून."

अध्यक्ष हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. उठता उठता मावशीला म्हणाले, "भांडी सोडा. आणि आज झाडून घ्या, दोन दिवसांची धूळ आहे."

७

बाई बागेतल्या बाकड्यावर बसून चपला काढत होत्या, पावलं चोळत होत्या. झाडून झालं. डब्याला कुलूप लागलं. चौकटीला अध्यक्षांनी स्वतः पुठ्ठा लावला होता. सासू-सून बागेतून निघाल्या. घरी पोहोचल्यावर कुजबुजावं लागणार, म्हणून असेल, दोघी तळ्याच्या कडेलाच थांबल्या.

"मला सांगायचं होतंस, झोप येते म्हणून," मावशी म्हणाली.

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

मावशीने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "काही नाही. म्हटलं असतं, आम्हाला काय कमी काम होतं का?"

"हेच."

"हो, हेच म्हटलं असतं." तिने झाडू या हातातून त्या हातात घेतला. "सोमवारी दुपारी मी पोरांना शाळेतून परस्पर बहिणीकडे घेऊन जाईन. अंधार पडला की आणेन. तू घरीच झोप, माझ्या अंथरुणावर."

"तुमचं आणि तुमच्या बहिणीचं तर पटत नाही. दहा मिनिटांत भांडता."

"भांडू. तिचं घर मोठं आहे, मोठ्याने भांडता येतं."

गाईड हसली आणि हसता हसता तिला जांभई आली. ती तोंडावर हात धरून थांबवायला गेली, मग थांबवलीच नाही. मावशीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पुढे चालू लागली, नेहमीपेक्षा सावकाश, मागचीला गाठता येईल इतपत.